जुन्या फोटोतली बाई कोण? नाव सगळ्यात शेवटी ठरवा

सोलापुरात शाळांच्या कपाटांतून आणि वाड्यांच्या माळ्यांवरून बायकांचे जुने गटफोटो अजून निघतात. हातात पुस्तक घेतलेली नऊवारीतली बाई दिसली की कुणीतरी तिला सावित्रीबाई करून टाकतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी साल, मग जागा, मग नाव.

फोटो अल्बममधून उपटू नका, अख्खं पान स्कॅन करा. सुटा असेल तर दोन्ही बाजू 600 डीपीआयला रंगीत घ्या. पुसट पेन्सिल आणि शाईचा रंग त्यातच दिसतो. फोटो चिकटवलेला पुठ्ठा मोजा. अडीच बाय चार इंच म्हणजे कार्त-द-व्हिजित (व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो), सव्वाचार बाय साडेसहा म्हणजे कॅबिनेट कार्ड. दोन्ही बहुतेक एकोणिसाव्या शतकातले, कॅबिनेट त्यापुढेही काही वर्षं चाललं. स्टुडिओच्या शिक्क्यावर मात्र भाळू नका, पुढे काढलेल्या प्रतीवर दुसऱ्याच स्टुडिओचा शिक्का बसतो.

मागचा मजकूर इथे मराठी, मोडी, कन्नड, तेलुगू, उर्दू कशातही असू शकतो. वाचता आला नाही म्हणून कापू नका. तेलुगू असेल तर शहराच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, जाणत्याला दाखवा.

सगळ्यात जास्त फसगत रंगाची होते. जुन्या काचेच्या निगेटिव्हला आणि फिल्मला लाल रंग कळत नसे, निळा मात्र फार उजळ उमटे. त्यामुळे लाल लुगडं काळं दिसतं, फिकट निळं पांढरं दिसतं, आणि आपण सवाष्णीला विधवा ठरवतो. खरंच पांढरं असलं तरी वैधव्य सिद्ध होत नाही: श्राविकाश्रमातल्या जैन ब्रह्मचारिणीही पांढरंच नेसत. कपाळ मोकळं असेल तर ती अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेतली ख्रिस्ती शिक्षिकाही असेल.

फोटो उलटा छापलाय का, हे पाटीवरची अक्षरं सांगतात. पाटी नसेल तर पुरुषांचे कोट बघा, घालणाऱ्याची डावी बाजू वर यायला हवी. उलट्या फोटोत ‘डावीकडून तिसऱ्या’ भलत्याच निघतात. मागे सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे पुतळे असतील तर फोटो जानेवारी 1931 नंतरचाच. फाशी त्या महिन्यात झाली.

फोटोखालच्या ओळीतली नावंही तपासून घ्या. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबूली यांचा फिलाडेल्फियातला प्रसिद्ध फोटो 10 ऑक्टोबर 1885 चा. खाली ‘डॉ.’ लिहिलंय, पण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च 1886 मध्ये. म्हणजे ओळ मागाहून लिहिलेली, आणि त्यात बंगालमधल्या श्रीरामपूरचं (सेरामपूर) स्पेलिंगही गडबडलेलं. ओळख बरोबर, पण त्या ओळीवरून साल काढाल तर चुकाल.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही यमुनाच. शिवाय पंडिता रमाबाई आणि रमाबाई आंबेडकर आहेतच. तेव्हा माहेरचं नाव, सासरचं नाव आणि दोन्ही गावं अशा चार नोंदी शोधा. ‘सौ.’ की ‘गं. भा.’ हे बघा: न्यायमूर्ती रानडे 1901 च्या जानेवारीत गेले, त्यामुळे ‘सौ. रमाबाई’ ही ओळ त्याआधीची असायला हवी. नुसतं ‘श्री. अमुक व सौ.’ असेल तर शाळेचं हजेरीपत्रक, संस्थेचा वार्षिक अहवाल आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणची जुनी वर्तमानपत्रं चाळा.

चेहरा शेवटी. नक्की ओळख पटलेल्या फोटोशी कानाची पाळी, भुवयांमधलं अंतर, हनुवटी जुळवा. बुगड्यांनी कान झाकला असेल तर तो सोडा. मोबाइलवर ‘साफ’ केलेला फोटो जुळवायला घेऊ नका, त्यातले डोळे-ओठ ॲपने कल्पनेने भरलेले असतात.

एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे मिळाले तर ‘निश्चित’ लिहा, एकच असेल तर ‘बहुधा’, नुसतं साम्य असेल तर नाव न घालता ‘अनोळखी स्त्री’. कशावरून ठरवलं तेही शेजारी नोंदवा. नोंद मागच्या कडेला मऊ टूबी पेन्सिलने करा, कडक टेबलावर ठेवून, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे नोंद पाकिटावर करा आणि मग फोटो आत घाला.