चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी विझतो: जुन्या गाडीत बिघाडाचं मूळ असं शोधा

मीटरमधला पिवळा इंजिनाचा दिवा सतत पेटून राहिला तर काम सोपं असतं. गॅरेजला जायचं, स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा. जीव खातो तो येऊन-जाऊन असणारा दिवा. माझी गाडी २०१४ ची, पेट्रोलची, नंतर सीएनजी किट बसवलेली. पावसाळ्यात एकदा ठाण्यात कापूरबावडीच्या पुढे दिवा लागला, चार दिवस राहिला आणि आपोआप गेला. आठवड्याने परत आला. गॅरेजला नेली त्या दिवशी नेमका बंद. तिथे मेमरीतला कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बदलला. साडेचार हजार रुपये गेले आणि बाराव्या दिवशी घोडबंदर रोडवर दिवा पुन्हा लागला. काढून टाकलेला सेन्सर चांगलाच होता. खरा दोष त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. तो मी ज्या पद्धतीने शोधला, ती इथे क्रमाने सांगतो.

आधी बघा: दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल, तर घाबरायचं कारण नाही. घरी पोहोचा, मग बघू. पण दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर इंजिन मिसिंग मारतंय. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरकडे जातं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर कमी विषारी करणारा डबा) जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळवतं. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, सर्व्हिस रोडला या, गाडी बंद करा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर एक किलोमीटरही पुढे नेऊ नका.

अजून एक छोटी तपासणी. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. सेकंडहँड गाडी घेताना हे जरूर बघा. चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल, तर तो कोणीतरी बंद करून ठेवलेला असू शकतो.

दिवा आपोआप जातो, म्हणजे काय होतं?

हे एकदा नीट कळलं की निम्मा गोंधळ संपतो. गाडीचा कॉम्प्युटर बहुतेक दोषांसाठी पहिल्याच चुकीला दिवा लावत नाही. पहिल्यांदा चूक दिसली की तो ती ‘पेंडिंग’ म्हणून मनात ठेवतो. पुढच्या ट्रिपलाही तीच चूक दिसली तर कोड पक्का करतो आणि दिवा लावतो. ट्रिप म्हणजे गाडी सुरू करून, त्या भागाची चाचणी होईल इतकी चालवून, बंद करणं. नंतर सलग तीन ट्रिपमध्ये चूक दिसली नाही तर दिवा विझवतो, पण कोड लगेच पुसत नाही. इंजिन साधारण ४० वेळा गार होऊन पुन्हा गरम होईपर्यंत तो मेमरीत राहतो.

म्हणजे दिवा सोमवारी माजिवड्याला लागला तरी चूक शनिवारी वाशीहून येतानाच सुरू झालेली असू शकते. दिवा कुठे लागला यावर सगळा अंदाज बांधला की आपण भलत्याच जागी शोधत बसतो. दिवा बंद असलेल्या दिवशी गाडी गॅरेजला नेली तरी कोड मिळतो, कारण तो आत शिल्लक असतो. ‘दिवा लागेल तेव्हा आणा’ असं कोणी म्हणालं तर स्कॅनर लावायचा आग्रह धरा.

कोड वाचा, पण पुसू नका

बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला ठाण्यात प्रत्येक सोसायटीत कोणीतरी देतोच. तो ऐकू नका. त्याने दिवा जातो, पण पुरावाही जातो.

ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड फोनवर दाखवणारं यंत्र, हजार-दीड हजाराच्या आत मिळतो. ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. फोनमध्ये ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं अॅप घ्या. आपल्याकडे ओबीडी-२ ची सक्ती एप्रिल २०१३ पासूनची आहे. त्याआधीच्या काही गाड्यांशी स्वस्त डोंगल बोलत नाही. तिथे त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेजच गाठावं लागतं.

अॅपमध्ये तीन गोष्टी बघा आणि तिन्हींचे स्क्रीनशॉट काढा: पक्के कोड, पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदवताना गाडीची काय स्थिती होती त्याचा फोटोच: वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा लोड. तापमान ३० दिसलं तर गाडी नुकतीच सुरू झाली होती. तापमान ९५, वेग शून्य दिसला तर ट्रॅफिकमध्ये उभी होती. आपल्या आठवणीपेक्षा हे आकडे जास्त भरवशाचे असतात.

कोडचा अर्थ मात्र जपून लावा. पी०१३५ चा अर्थ ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’ असा होत नाही. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तसे फ्यूज, रिले, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) आणि दीड मीटर वायरही येतात. माझे साडेचार हजार इथेच गेले.

रोजची एक ओळ लिहा

दोन आठवडे गाडीत एक छोटी वही ठेवा. प्रत्येक फेरीच्या शेवटी, चावी काढायच्या आधी, अॅपमध्ये पेंडिंग कोड बघा आणि एक ओळ लिहा. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: ‘सकाळी ८.४०, रात्रभर पाऊस, सीएनजी, एसी चालू, कासारवडवली ते मानपाडा, खड्डे, पेंडिंग आला.’ पेंडिंग न आलेल्या फेऱ्याही लिहा, त्या तितक्याच कामाच्या असतात.

माझ्या बहुतेक नोंदींत पाऊस होता, म्हणून आधी ओलाव्यावर संशय गेला. मग दोन कोरड्या दिवसांच्या नोंदी दिसल्या. दोन्ही दिवशी पेंडिंग आला होता आणि दोन्ही दिवशी रस्ता खराब होता. शिवाय एका धो-धो पावसाच्या दिवशी पाम बीच रोडने सीवूड्सला जाऊन आलो, तेव्हा काहीच आलं नव्हतं. तो रस्ता गुळगुळीत. पाऊस आणि खड्डे आपल्याकडे जोडीने येतात, त्यामुळे गफलत झाली होती. दोष हादऱ्याने येत होता. हादऱ्याने येणारा दोष म्हणजे जवळजवळ नेहमी सैल कपलर, तुटायला आलेली वायर किंवा खराब अर्थिंग.

तुमच्या वहीत वेगळं चित्र दिसेल. नेहमी दिसणारी काही अशी:

ओल्या सकाळी झटके, दुपारी ठणठणीत आणि कोड पी०३०० ते पी०३०४ मधला (हे मिसिंगचे कोड) असेल, तर कॉईल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) काढून प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा ऑइल साचलंय का ते बघा. कॉईलच्या रबरी नळीला बारीक तडा असेल तर ओलाव्यात ठिणगी बाजूला उडते. खात्री करायला पैसे लागत नाहीत. संशय असलेल्या सिलिंडरची कॉईल शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोड पी०३०२ चा पी०३०३ झाला (शेवटचा आकडा सिलिंडरचा), तर दोषी कॉईलच.

गाडी पूर्ण तापल्यावर तीन हात नाक्यासारख्या गर्दीत अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते आणि कोड पी०३३५ असेल, तर क्रँक पोझिशन सेन्सर (इंजिन किती फिरलं हे कॉम्प्युटरला सांगणारा) गरम होऊन सोडून देत असण्याची शक्यता मोठी. याला टाळाटाळ करू नका, कारण ही गाडी कोपरी पुलाच्या मधोमधही बंद पडेल.

दिवा फक्त सीएनजीवर येतो का, हे आपल्या भागात विचारलंच पाहिजे. चार दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवा, मग चार दिवस गॅसवर. अॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. पेट्रोलवर ३ आणि गॅसवर १८ दिसत असेल, तर किटचं ट्यूनिंग, गॅसचा फिल्टर किंवा इंजेक्टर तपासून घ्या. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा दमलेली कॉईल पेट्रोलवर निभावून जाते आणि गायमुखचा घाट गॅसवर चढताना उघडी पडते. गॅसचा वास येत असेल तर बाकी सगळं थांबवा, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि आधी गळती काढून घ्या.

बॅटरी आणि अर्थिंग

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आलीय. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम टाकतो. अशा वेळी एकही सेन्सर बदलू नका. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी काळी वायर सोडवा, खालचा गंज काढा, घट्ट बसवा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ही जागा लवकर खराब होते.

हलवून बघा

हे काम थंड इंजिनावर सुरू करा. बाह्या सैल नकोत. रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही फिरू शकतो, हे लक्षात ठेवा.

कोडमधल्या भागाच्या कपलरपासून सुरुवात करा. लॉक दाबून काढा, पिना हिरव्या किंवा काळ्या पडल्यात का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. मग गाडी सुरू करून मल्टिमीटर किंवा अॅपमधला लाइव्ह डेटा (त्या क्षणाचे आकडे) समोर ठेवा आणि वायरिंग हळूहळू, एका वेळी बोटभर, दाबत-वाकवत पुढे जा.

मी वागळे इस्टेटमधल्या एका वायरिंगवाल्या काकांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि मल्टिमीटरच काढला. सेन्सरच्या कपलरमागे हीटरच्या सप्लायला पीन लावली. मीटरवर १३.९. कपलर हलवला, १३.९. मग त्यांची बोटं वायरिंगवरून सरकत बॅटरीच्या ट्रेखाली गेली आणि एका वळणावर दाबल्याबरोबर आकडा शून्य झाला. सोडलं, १३.९. पुन्हा दाबलं, शून्य. टॉर्च धरल्यावर दिसलं: काळी नळी एका बाजूने कुरतडलेली, आतली वायर उघडी, तांब्याचे दोन-तीनच धागे शिल्लक आणि तेही हिरवे. ट्रेमध्ये वाळलेल्या पानांचा चुरा. “दादा, उंदीर पावसात उबेला येतात,” काका म्हणाले, “सेन्सरचा काय दोष?” खराब भाग कापून, त्याच जाडीची वायर डाख देऊन जोडली, त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि वरून नवी नळी. चारशे रुपये घेतले.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा, आणि ज्या परिस्थितीत दोष यायचा तीच पुन्हा द्या. हादऱ्याचा दोष असेल तर खराब रस्ता, उष्णतेचा असेल तर दुपारची गर्दी, गॅसचा असेल तर चढ. प्रत्येक फेरीनंतर पेंडिंग बघा. दिवा लागायची वाट पाहू नका, पेंडिंग एक ट्रिप आधी सांगतो. मी कासारवडवली-गायमुख अशा सहा फेऱ्या मारल्या, त्यातल्या दोन पावसात. यादी रिकामी राहिली.

आता दर रविवारी बोनेट उघडून बॅटरीच्या ट्रेखाली टॉर्च मारतो. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर वॉचमनला सांगून ती कचऱ्याच्या डब्यांपासून लांबच्या खांबाशी लावतो. काढून टाकलेला जुना सेन्सर पिशवीत घालून डिकीत ठेवलाय. त्याच्या हीटरचा रेझिस्टन्स बरोबर आला, तो पुढेमागे उपयोगी पडेल.