कुत्र्याच्या घरात ससा आणताय? या चुका टाळा

शाळांच्या परीक्षा संपल्या की मला फोन सुरू होतात. मुलाला कबूल केलेला ससा घरी आलेला असतो, घरात आधीच कुत्रा असतो आणि प्रश्न ठरलेला: "ताई, किती दिवसांत दोस्ती होईल?" मी उलटं विचारते, दार लावून ससा वेगळा ठेवता येईल अशी खोली आहे का? नसेल तर ससा परत देऊन या. लोकांना राग येतो. येऊ दे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गप्प बसलेला ससा निवांत आहे असं समजणं. ससा घाबरला की आधी थिजतो. कान पाठीला चिकटलेले, डोळे वटारलेले, अंग आखडलेलं. निवांत ससा पाय पसरून लोळतो, अंग चाटतो, खातो.

हे मला अक्कलखाती जमा करून कळलं. आमचा कुत्रा खंड्या गावठी, सात वर्षांचा, इंदिरानगरातल्या मांजरांकडे ढुंकूनही न बघणारा. भाच्याने ससा आणला, मादी, नाव बुंदी. चौथ्या दिवशी तो ओरडला, "मावशी, बघ ना, शेजारी शेजारी बसलेत!" मीही कौतुकाने फोटो काढला. तेवढ्यात सिलिंडरवाला आला. खंड्याचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकवून मी दाराकडे गेले. बुंदी सोफ्याकडे पळाली आणि खंड्या खुर्चीसकट तिच्या मागे.

दात लागला नाही, म्हणून आम्ही हुश्श केलं. पण रात्री कोथिंबिरीची जुडी तशीच पडलेली. एरवी पिंजऱ्यात मूठमूठ लेंड्या निघतात. सकाळी मोजून चार, त्याही मिरीएवढ्या. नुसत्या भीतीनेही सशाचं पोट थांबतं, आणि थांबलेलं पोट जीव घेतं. दहा-बारा तास ससा खात नसेल तर उद्या बघू म्हणायचं नाही. डॉक्टरांच्या औषधासोबत मी तीन दिवस बिनसुईच्या सिरिंजने पातळ खाणं भरवलं, रात्री गजर लावून. वाचली. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. त्यात बुंदीचे कान पाठीला चिकटलेले स्पष्ट दिसतात. मी तेव्हा फक्त खंड्याचा चेहरा बघत होते.

त्यानंतर मी पहिला आठवडा फक्त वास देते. सशाखालचं फडकं कुत्र्याच्या जागेवर, कुत्र्याचं सशाकडे. मग मध्ये जाळी, कुत्रा लांब फिरून दमून आलेला, पट्टा माझ्या हातात. पाच मिनिटं पुरे. घड्याळापेक्षा कुत्र्याची नजर बघायची. तोंड मिटून, अंग ताठ करून तो टक लावून बघतोय? आजचं बंद, शेपटी कितीही हलत असो. हलणारी शेपटी म्हणजे तो चेकाळलाय एवढंच. सशाकडून मान वळवून माझ्याकडे बघितलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. खंड्याला दीड महिना लागला. ज्यांना रविवारपर्यंत रील हवी असते, त्यांनी मासे पाळावेत.

ससा हातात धरून कुत्र्याच्या नाकाशी नेणं, हा दुसरा लाडका प्रकार. ससा लाथा झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचाच कणा मोडू शकतो. त्याला जमिनीवर राहू द्या, लपायला दोन तोंडांचं खोकं द्या.

गुरगुरल्यावर कुत्र्याला फटका मारू नका. ससा आला की मार बसतो, एवढंच तो शिकतो.

कुत्र्यापासून लांब म्हणून पिंजरा बाल्कनीत ठेवू नका. सशाला तिशीच्या वरचं तापमानही जड जातं आणि आपल्या नाशकात एप्रिल-मे कसा असतो, ते सांगायला नको.

हे मात्र नाशिककरांनी नीट वाचावं. घरात द्राक्षांची पेटी आली की मुलं सशाला द्राक्षं चारतात आणि खाली सांडलेली कुत्रा खातो. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कुठल्या कुत्र्याला किती बाधतील, हे आधी सांगता येत नाही. खाल्लीच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

सशाऐवजी पोपट आणू, असंही काही जण म्हणतात. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. विषय संपला.

खंड्या आणि बुंदी आता दुपारी एकाच खोलीत झोपतात. तरी मी कोपऱ्यावरून दूध आणायला निघाले तरी मधलं दार ओढून कडी घालते. भाचा हसतो. हसू दे.