आयडा बी. वेल्स यांचे झुंडबळींवरील निबंध कसे वाचावेत

आयडा बी. वेल्स या अमेरिकी कृष्णवर्णीय पत्रकार महिलेचे निबंध हाती घेण्यापूर्वी अमेरिकेतील मेम्फिस शहरातला १८९२ सालचा घटनाक्रम समजून घ्यावा. त्या मार्चमध्ये एका किराणा दुकानाशी संबंधित तीन कृष्णवर्णीयांना, ज्यांत वेल्स यांचे स्नेही टॉमस मॉस होते, जमावाने तुरुंगातून बाहेर काढून ठार मारले. त्यांच्या दुकानामुळे जवळच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते, हे ध्यानात ठेवले की झुंडबळीमागील आर्थिक हितसंबंधांविषयीचा वेल्स यांचा युक्तिवाद उलगडतो.

झुंडबळीची प्रत्येक घटना वाचताना आरोप काय होता, तो कोणी केला आणि न्यायालयात त्याची शहानिशा झाली का, हे वेगवेगळे टिपून ठेवावे, कारण बलात्काराच्या आरोपाआड लपणारे झुंडबळींचे समर्थन वेल्स यांनी अशाच छाननीने खोडून काढले. १८९५ च्या पुस्तिकेत त्यांनी मुद्दाम गोऱ्यांच्या ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने छापलेले झुंडबळींचे आकडे वापरले, ही निवड मला सर्वांत भेदक वाटते, कारण आकडे पक्षपाती म्हणण्याची सोयच त्यामुळे उरली नाही.

क्रौर्याची वर्णने असह्य झाली तरी वगळू नयेत. हवे तर एका बैठकीत दोनच घटना वाचाव्यात.