छोट्या गाडीचा इनटेक: आधी पाइपात पाणी भरा, मग करवत हातात घ्या

नाशकात कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलं की लाल कोनवाला फिल्टर लटकलेला दिसणारच, आणि दुकानदार म्हणणार टाका साहेब, इंजिनाची ताकद पाच-सहा बीएचपी आरामात वाढते. नाही वाढत. हजार-बाराशे सीसीच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत इनटेकवर, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवर, कितीही पैसे घाला, फार तर एक-दोन बीएचपी मिळतात आणि तेही वरच्या आरपीएमला. पण आवाज मात्र मस्त बदलतो, दाबल्यावर गाडी जरा मोकळी वाटते, आणि नीट केलं तर कंपनीचा एअर फिल्टरचा बॉक्स न फेकता सगळं होतं. मी सांगतोय ती पद्धत हीच आहे, बॉक्स जागेवर ठेवायचा आणि त्याच्यापर्यंत येणारी हवा थंड नि मोकळी करायची.

बॉनेट उघडा आणि हवेचा रस्ता बोटाने शोधा. ग्रिलच्या किंवा हेडलाइटच्या मागे एक प्लास्टिकची सोंड असते, तिला स्नॉर्कल म्हणतात, तिथून हवा एअर क्लीनरच्या बॉक्समध्ये, फिल्टरमधून पलीकडे, मग रबरी होजमधून थ्रॉटल बॉडीत, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर हवेची झडप उघडते त्या भागात. या रस्त्यात कुठेतरी बाजूला एक रिकामा डबा चिकटवलेला दिसेल ज्यात जायला तोंड आहे पण पुढे वाटच नाही. तो रेझोनेटर. बरेच जण त्याला फालतू समजून पहिल्या दिवशीच उडवतात, त्याच्यावर नंतर येतो.

आता कापाकापीच्या आधीचं काम, जे कोणी करत नाही आणि खर्च शंभर रुपयांच्या आत आहे. गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाइप हार्डवेअरच्या दुकानातून तीन-चार मीटर आणा. एका फळीवर तो इंग्रजी यू च्या आकारात बांधा, दोन्ही बाजू निदान एक-एक मीटर उंच पाहिजेत नाहीतर पाणी इंजिनकडे खेचलं जायचा धोका, आणि त्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा, खायचा रंग टाकला की वाचायला सोपं. एअर क्लीनरच्या झाकणाला फिल्टरच्या पलीकडच्या म्हणजे स्वच्छ बाजूला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा (झाकण काढून घेऊन पाडा, प्लास्टिकचा कीस आत राहिला तर थेट इंजिनात), पाइपाचं एक टोक तिथे घट्ट बसवा, दुसरं उघडंच ठेवा, आणि फळी खिडकीतून आत घेऊन शेजारी बसलेल्याच्या हातात उभी द्या. मुंबईहून परत येताना कसारा घाटाची चढण या कामाला एक नंबर आहे, किंवा पेठ रोडचा सावळ घाट. तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल, आरपीएम पाच हजाराच्या आसपास, आणि शेजारच्याने दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक सेंटिमीटरमध्ये वाचायचा. ड्रायव्हरने तिकडे बघायचं पण नाही.

समजा फरक २५ सेंमी आला. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, इथल्या हवेचा दाब साधारण साडेनऊ मीटर उंच पाण्याच्या खांबाइतका. म्हणजे तुमचा पूर्ण इनटेक मिळून अडवतोय फक्त अडीच-पावणेतीन टक्के. मारुतीच्या जुन्या तीन सिलिंडरच्या के-टेन इंजिनाचे ६७ बीएचपी धरले तर सगळा अडथळा जादूने गायब केला तरी पावणेदोन बीएचपी. दुकानदाराचे पाच-सहा कुठून येणार सांगा.

मग हीच टेस्ट स्नॉर्कल काढून करा, मग नवा फिल्टर टाकून करा. ज्या बदलाने पाण्यातला फरक जास्त घटेल तिथे हवा अडतेय, पैसे तिथेच घालायचे. फिल्टर अजिबात न लावता टेस्ट करू नका, आपल्याकडच्या धुळीत तेवढी एक चक्करसुद्धा महागात पडू शकते. काम झालं की भोकाला रबरी बूच लावा, ते उघडं राहिलं तर धूळ फिल्टरला टाळून आत.

दुसरा हिशोब तापमानाचा, आणि माझ्या मते खरा खेळ इथेच आहे. हवा दहा डिग्रीने तापली की साधारण तीन टक्के विरळ होते. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस आणि तुम्ही द्वारकेच्या सिग्नलला अडकलेले, तेव्हा बॉनेटखालची हवा साठच्या पुढे सहज जाते. कोन फिल्टर तिथेच उघडा बसवला तर तो तीच गरम हवा पिणार, म्हणजे सहा टक्के गेले, आणि अडथळा काढून मिळवले होते अडीच. गाडी आवाज जास्त करते म्हणून जोरात पळतेय असं वाटतं एवढंच. खात्री करायची असेल तर ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवतो तो) लावून इनटेक एअर टेम्परेचर बघा, सिग्नलला आणि आडगाव सोडून मोकळ्या रस्त्याला लागल्यावर, दोन्ही आकडे लिहून ठेवा.

फिल्टरचं म्हणाल तर कागदी फिल्टर धूळ अडवण्यात उत्तमच असतो, तीन-चारशे रुपयात येतो, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी जिकडे तिकडे खोदून ठेवलंय तेव्हा दर पाच हजार किलोमीटरला काढून झटकून बघा आणि काळा पडला की बदला. ऑइल लावलेला कॉटनचा पॅनेल फिल्टर, के अँड एन वगैरे, धुऊन पुन्हा वापरता येतो आणि कंपनीच्या बॉक्समध्येच बसतो, पण पाण्याच्या टेस्टमध्ये फिल्टरनेच फरक पडत असेल तरच घ्या. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या आणि ऑइल अगदी कमी, कापडाच्या घड्यांवरून एक बारीक रेघ मारल्यासारखं. जास्त झालं की ते उडून पुढे जातं आणि ज्या गाड्यांत हॉट-वायर एअरफ्लो सेन्सर असतो तिथे तारेवर बसून रीडिंग बिघडवतं. मारुतीच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्यांना हा त्रास कमी.

डक्टचं काम असं करा. कंपनीचा स्नॉर्कल कापू नका, काढून घरी ठेवा. ग्रिलच्या मागे रेडिएटरच्या बाजूला अशी जागा शोधा जिथे हवा थेट बाहेरची येते आणि जी बंपरच्या खालच्या कडेपेक्षा बरीच वर आहे. तिथून बॉक्सच्या तोंडापर्यंत लवचिक डक्ट, दोन-अडीच इंची, बॉक्सच्या तोंडाचं माप व्हर्नियरने घेऊन त्याच्यापेक्षा बारीक नाही असा. नळाचा पीव्हीसी पाइप नको, तो ८० डिग्रीच्या आसपास नरम पडतो आणि बॉनेटखाली रेडिएटरजवळ ते तापमान काही लांब नाही. सिलिकॉन होज महाग पण कायमचा. ॲल्युमिनियमचा पाइप सातपूर-अंबडमध्ये कुठलाही फॅब्रिकेटर वाकवून देईल, फक्त आतल्या कडा कानशीने घासून बोट फिरवून बघा. डक्ट कुठे घासत नाही ना, फॅनला लागत नाही ना, हे इंजिन हाताने हलवून तपासा कारण रेस केल्यावर इंजिन माउंटिंगवर डोलतं.

आता आवाज. इंजिन हवा एका संथ धारेत नाही, झटक्यांनी ओढतं. चार सिलिंडरची गाडी ३००० आरपीएमला सेकंदाला १०० झटके, तीन सिलिंडरची ७५, म्हणून के-टेनचा आवाज जरा खरखरीत आणि खालचा येतो. रेझोनेटरचा तो रिकामा डबा ठरावीक कंपनांना उलटा धक्का देऊन मारतो, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जो घूं आवाज येतो तेच तत्त्व उलटं लावलेलं. तो बंद केला की दाबल्यावर इनटेकची गुरगुर केबिनमध्ये ऐकू येते आणि हळू चालवताना गाडी पहिल्यासारखीच शांत, हे सायलेन्सर कापण्यापेक्षा शंभर पटीने बरं, शेजारच्या काकांची झोपही मोडत नाही. पण डबा उपटू नका. आधी त्याच्या तोंडात रबरी बूच किंवा ॲल्युमिनियमची गोल चकती बसवून आठवडाभर चालवा, आणि डबा फिल्टरच्या पुढे थ्रॉटलच्या बाजूला असेल तर बूच आत खेचलं जाणार नाही असं बाहेरून क्लिपने बांधा. काही गाड्यांत दोन-अडीच हजार आरपीएमला कानाला नको अशी घुमघुम सुरू होते, तेवढ्यासाठीच कंपनीने तो डबा दिलेला असतो. घुमघुम आली तर बूच काढायचं, विषय संपला.

फिल्टरच्या पुढे होज बदलणार असाल तर दोन गोष्टी विसरू नका. टेम्परेचर सेन्सर त्या होजवर असेल तर नव्या होजमध्ये ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी रिंग) लावून तसाच बसवा, हवेत लटकवू नका. आणि टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) येणारी, इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी फिल्टरनंतरच्या बाजूलाच जोडा, काही जण ती मोकळी सोडतात, मग ऑइलचा वास केबिनमध्ये आणि धूळ इंजिनात. प्रत्येक जोडाला ज्युबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी), आणि शेवटी इंजिन चालू ठेवून जोडांच्या कडेने हात फिरवा, फुस्स ऐकू आली तर तिथे हवा चोरतेय.

दोन-तीनशे किलोमीटर झाले की स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. अधिक-उणे पाचच्या आत म्हणजे छान, दहाच्या पुढे गेला तर काहीतरी गळतंय, आणि चेक इंजिन लाइट लागून पी ०१७१ कोड आला तर मिक्स्चर लीन आहे म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आधी क्लिपा बघा. रीमॅपची (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलायची) गरज नाही, एवढा बदल ईसीयू स्वतः सांभाळतो. पळण्यातला फरक बघायचा तर पहाटे मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ४० ते ८०, जाताना आणि येताना दोन्हीकडून, मोबाइलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढून. फरक सेकंदाच्या अंशात असणार हे आधीच मनाशी धरा.

सीएनजी असेल आणि किट जुनं मिक्सरवालं असेल, तर या कशालाच हात लावू नका. त्यात मिक्सर इनटेकच्या वाटेतच बसलेला असतो, हवा बदलली की गॅसचं प्रमाण बिघडतं, आणि बॅकफायर झाला की एअर क्लीनरचा बॉक्स फुटतो. सिक्वेन्शियल किटला, ज्यात प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने वेगळा गॅस जातो, चालतं.

कायद्याचं थोडक्यात, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. बॉक्स आणि फिल्टर जागेवर असले की पीयूसीलाही अडचण येत नाही. वॉरंटीतल्या गाडीला मात्र सर्व्हिसला जायच्या आधी विचारून घ्या, आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवलेलं बरं.

राहिला पावसाळा. त्र्यंबक आणि इगतपुरीकडे पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको, आणि डक्टचं तोंड खाली असलं की साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, बिल गाडीच्या निम्म्या किमतीचं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, टोइंगच करायचं. मी तर मे संपला की डक्ट काढून कंपनीचा स्नॉर्कल परत लावतो, दहा मिनिटांचं काम आहे, आणि दिवाळीच्या आधी पुन्हा डक्ट.