आर मध्ये लेजंडात गणित लिहिताय? आधी एवढं बघून घ्या

आर म्हणजे आकडेमोडीची, आलेख काढायची प्रोग्रामिंग भाषा, आणि लेजंड म्हणजे प्लॉटवर कोणती रेषा कशाची हे सांगणारी चौकट. कोड लिहायच्या आधी कागदावर लिहून काढा की लेजंडात नेमकं काय छापायचंय. समजा एकाच प्लॉटवर नॉर्मलचे तीन कर्व्ह आहेत आणि प्रत्येकाचा व्हेरियन्स वेगळा, तर लेजंडात सिग्मा, त्याच्या डोक्यावर २, बरोबरचं चिन्ह आणि पुढे आकडा. दिसायला किरकोळ काम. पण तिथेच ठरवा की तो आकडा सिग्माचा की सिग्मा स्क्वेअरचा, कारण डीनॉर्म (dnorm, नॉर्मल कर्व्हची उंची देणारं फंक्शन) एसडी म्हणजे सिग्मा मागतो, व्हेरियन्स म्हणजे सिग्मा स्क्वेअर नाही. लेजंडात सिग्मा स्क्वेअर बरोबर ४ लिहिणार असाल तर फंक्शनला २ द्यायचेत. बरेच प्लॉट असे फिरतायत ज्यात कर्व्ह एका व्हेरियन्सचा आणि लेजंड दुसऱ्याच, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

गणित छापायला ते एक्स्प्रेशनमध्ये (expression फंक्शनच्या कंसात) लिहायचं, त्यात कॅरेटने (^) घात, चौकोनी कंसाने सबस्क्रिप्ट, हे येत असेलच. नसेल तर प्लॉटमॅथचं (plotmath, प्लॉटवर गणित छापायची आरची सोय) हेल्प पान उघडा, डेमोही आहे, त्यात सगळं दिसतं. पॉल मरेल आणि रॉस इहाका यांनी २००० साली यावर पेपर लिहिला होता, मांडणी टेकसारखी (TeX, गणित छापायची प्रणाली) दिसते पण लिहायची पद्धत आरचीच, त्यामुळे बॅकस्लॅश टाकून फ्रॅक लिहीत बसू नका. बरोबरचं चिन्ह हवं तर ==, दोनदा. एकदाच लिहिलंत आणि डावीकडे सिग्मासारखं नुसतं नाव असेल तर आरला वाटतं तुम्ही नाव देताय, आणि लेजंडात नुसता आकडा उरतो; डावीकडे सिग्मा^२ असेल तर सरळ सिंटॅक्स एरर येते.

आता खरी गोष्ट, मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं म्हणून तर ही यादी. एक्स्प्रेशनच्या आत व्हेरिएबलची किंमत जात नाही. व्हेरिएबलचं नाव व्ही असेल आणि तुम्ही सिग्मा^२ == व्ही लिहिलंत तर प्लॉटवर व्ही हेच अक्षर छापलं जाणार, तिन्ही ओळींत. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. आणि व्हेरिएबलचं नावच म्यू ठेवलं असेल तर आणखी मजा, म्यू बरोबर म्यू असं छापून येतं, दिसायला एकदम शास्त्रीय. किंमत हवी असेल तर एक्स्प्रेशनऐवजी बीकोट (bquote) वापरा आणि व्हेरिएबल डॉट-कंसात घाला, म्हणजे आधी टिंब, मग गोल कंस, आत नाव. टिंब विसरलात तर बीकोट वापरूनही उपयोग शून्य. डॉट-कंस. टिंब आधी.

यावर लोकांचा उपाय असतो की आकडा हातानेच टाइप करून टाकू, तीनच तर ओळी आहेत. करू नका. समजा प्लॉटवर डेटाला बसवलेली रेषा आहे आणि लेजंडात तिचा आर स्क्वेअर (रेषा किती नीट बसली याचा आकडा). परवा दोन आउटलायर काढले की फिट बदलतो, रेषा हलते, आणि लेजंडातला आर स्क्वेअर जुनाच राहतो. हे व्ही छापून येण्यापेक्षा वाईट, कारण व्ही निदान डोळ्यांना खटकतो, जुना आकडा खटकत नाही, तो सरळ गाइडकडे जातो आणि मग टेबलमध्ये एक आणि प्लॉटवर दुसरं हे तिथे सापडतं. म्हणून परत तेच, डॉट-कंस.

तीन ओळी असतील तर तीन बीकोट लागतील, आणि ते सीने (c फंक्शनने) जोडले की लिस्ट बनते, एक्स्प्रेशन नाही. ती अॅज-डॉट-एक्स्प्रेशनमधून (as.expression) काढून मगच लेजंडला द्या. कुठेकुठे त्याच्याशिवायही चालून जातं, पण जिथे चालत नाही तिथे लेजंडात कोडच्या ओळीच छापलेल्या दिसतात, त्यापेक्षा सवयच लावून घ्या.

आकडा टाकताना राउंडवर भागवू नका, ०.९० चं ०.९ होतं आणि शेजारच्या ओळीत ०.८७ असेल तर गबाळं दिसतं. स्प्रिंटएफने (sprintf) दोन दशांशांची स्ट्रिंग करा आणि ती डॉट-कंसात घाला. पी व्हॅल्यू खूप लहान असेल तर ०.०० छापू नका हो, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. जागा सोडायची तर ~, चिकटवायचं तर *. स्वल्पविराम कोट्समध्येच, नाहीतर एक्स्प्रेशन तिथे तुटतं आणि एका ओळीच्या दोन होतात, मग रंग सरकतात. ० < एक्स < १ अशी साखळी आरला पार्सच होत नाही, पहिला भाग महिरपी कंसात घाला. बोल्ड ग्रीक अक्षरांना लागत नाही आणि नुसत्या आकड्यांनाही लागत नाही, त्यावर संध्याकाळ घालवू नका. ओळ तोडायला बॅकस्लॅश एन पण चालत नाही, लेजंड छोटाच ठेवा.

बेस आरमधल्या लेजंडाला प्लॉटवर काय काढलंय याचा पत्ता नसतो, रंग आणि लाइनटाइप तुम्ही ज्या क्रमाने द्याल तोच खरा मानतो, तेव्हा रंगांचा एकच व्हेक्टर करा आणि दोन्हीकडे तोच वापरा. जीजीप्लॉटमध्ये (आरचं प्लॉट काढायचं वेगळं पॅकेज) उलटं, तिथे क्रम फॅक्टरच्या (गटांची नावं ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) लेव्हल्सचा, आणि तुम्ही काही सांगितलं नसेल तर तो अक्षरांप्रमाणे लागतो, लेबल्स तुमच्या मनातल्या क्रमाने दिलेत की नावं अदलाबदल. रंग आणि लाइनटाइप दोन्ही वापरले असतील तर दोन्ही स्केलना नाव आणि लेबल्स सारखेच द्या, नाहीतर दोन लेजंड येतात.

सेव्ह करताना साधं पीडीएफ डिव्हाइस फॉन्ट एम्बेड करत नाही, बऱ्याच जर्नलना चालत नाही, कैरो पीडीएफ (cairo_pdf) वापरा. लेजंडात मराठी शब्द असतील तर तेच वापरा, साध्यात देवनागरीच्या जागी ठिपके येतात. फाइल उघडून बघा, आरस्टुडिओच्या खिडकीवर विसंबू नका. अक्षराचा आकार, कोपरा, बॉर्डर, तुमचं तुम्ही बघा.

आणि पाठवायच्या आधी डेटातला एखादा आकडा मुद्दाम बदलून सगळा कोड परत चालवा. लेजंडातला आकडा हलला नाही तर तो हाताने टाइप केलेला आहे, आणि आकड्याऐवजी अक्षर दिसलं तर टिंब राहिलंय.