अंदमानात स्कूबा, स्नॉर्केलिंग की बाराटांग? नागपूरहून निघण्याआधीच ठरवा

आधी परतीचं विमान बघा. नागपूरहून जाणारे बहुतेक जण चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे जातात, आणि स्कूबानंतर (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) लगेच उडता येत नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन बाहेर पडतो, आणि ते धोक्याचं असतं. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर 18 तास थांबावंच लागतं. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला, हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) ठेवा. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकासोबत 12 मीटरपर्यंतची पहिली डाइव्ह जमते. सर्दी, दमा, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर मात्र नकोच. कान दुखायची वाट न बघता दर मीटरला नाक चिमटीत धरून नाकात हलकेच हवा फुंका, म्हणजे कानावरचा दाब सुटतो. बहुतेकांची गडबड इथेच होते.

स्नॉर्केलिंगला (मास्क लावून, नळीतून तोंडाने श्वास घेत पाण्यावर तरंगणं) हॅवलॉकचाच एलिफंट बीच चांगला. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं, तेव्हा नागपुरातल्याच जलतरण तलावात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून जा.

बाराटांगची चुनखडीची गुहा पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) सुमारे 100 किलोमीटर. पहाटे वाहनांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र ओलांडावं लागतं; तिथे थांबणं, फोटो काढणं गुन्हा आहे. पाठीचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना हा दिवसभराचा प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट बरी.