इंदूरची जड फोर-बाय-फोर बर्फात न्यायची आहे: विंटर टायर घ्यावेत का?

डिसेंबर लागला की इंदूरहून थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर अशा गाड्या मनालीकडे निघू लागतात, आणि टायरच्या दुकानात हमखास विचारलं जातं: गाडी फोर-बाय-फोर आहे, वजनही दोन टन आहे, मग वेगळे टायर कशाला? आठवडाभराच्या सहलीसाठी खरे विंटर टायर घेऊ नयेत. पण "फोर-बाय-फोर आहे म्हणून टायर कोणतेही चालतील" हा विचार त्याहून धोक्याचा आहे. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊन मगच पैसे खर्च करा.

फोर-बाय-फोरमुळे, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळाल्यामुळे, गाडी जागची हलते आणि चढ चढते. ती थांबते मात्र टायरच्या पकडीवर. ब्रेक साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतातच, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत फोर-बाय-फोरला काहीच जास्तीचं मिळत नाही. उलट चढताना गाडी सहज चढली म्हणून चालकाचा अंदाज चुकतो, आणि खरी परिस्थिती उतारावर कळते.

ढोबळ हिशेब करून बघा. दाबून बसलेल्या बर्फावर चांगल्या विंटर टायरचा घर्षणांक ०.३ धरला आणि झिजलेल्या साध्या टायरचा ०.१५, तर सपाटीवर ताशी ४० किमी वेगातून थांबायला पहिल्याला साधारण २१ मीटर लागतात, दुसऱ्याला ४२. आता तोच रस्ता ८ टक्के उताराचा करा. पहिला २९ मीटरवर थांबतो, दुसरा ९० मीटरवर. घाटात ९० मीटर सरळ रस्ता क्वचितच मिळतो.

वजनाचा फायदा होतो हाही अर्धवट समज आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. आणि ४० च्या वेगातली २२०० किलोची गाडी १००० किलोच्या गाडीपेक्षा सव्वादोन पट ऊर्जा घेऊन वळणात शिरते. घसरली की ती सावरणंही तितकंच कठीण.

विंटर टायरमध्ये वेगळं काय असतं? त्याचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं. साधं रबर त्या थंडीत कडक होत जातं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. इंदूरमध्ये याच दोन गुणांचा तोटा होतो. जानेवारीतही इथे दुपारी पंचवीसच्या आसपास तापमान असतं. मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की ते मऊ ठोकळे ब्रेक मारताना वाकतात, गाडी लांब जाऊन थांबते आणि टायर भराभर झिजतो. पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलकडच्या काळ्या मातीतही त्यांचा उपयोग नाही. त्या बारीक चिरा चिखलाने बुजून जातात.

आणि इंदूर ते मनाली एका बाजूचं अंतर तेराशे किलोमीटरांहून जास्त आहे. त्यातले बर्फाचे किती? बहुतेकांचे शंभरही भरत नाहीत.

म्हणून आधी दिवस मोजा. बर्फात सात-आठ दिवसच जाणार असतील तर विंटर टायर नकोत. हिवाळ्यात नोकरीनिमित्त किंवा कामासाठी गाडी महिना-दोन महिने लाहौल, काश्मीर किंवा लडाखमध्ये राहणार असेल तर जरूर घ्या, पण चारही घ्या, आणि शक्य असेल तर वेगळ्या रिमवर चढवून. दरवेळी त्याच रिमवरून टायर काढायचे-घालायचे म्हटले तर टायरची कड दुखावते. दोनच टायर बदलणं सगळ्यात वाईट. मागे पकड, पुढे नाही, असं झालं की वळणावर गाडी सरळ जाते. उलट केलं तर मागचा भाग फिरून पुढे येतो. शिवाय पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की फोर-बाय-फोरच्या ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर, सतत ताण येतो.

मागवण्याआधी एक अडचण लक्षात घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय खूण लागते, आणि जून २०२० पासून टायरची आयातही परवान्याशिवाय होत नाही. त्यामुळे तुमच्या मापाचा विंटर टायर इंदूरच्या दुकानात तयार मिळेल असं धरून चालू नका. दोन-तीन महिने आधी चौकशी करा.

सहलीला जाणाऱ्यांनी काय करावं? बर्फाची खूण असलेले चांगले ऑल-टेरेन टायर (डांबर, माती, खडी सगळीकडे चालणारे) आणि जोडीला बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या. आमच्या मते इंदूरच्या गाडीसाठी हीच जोडी योग्य, कारण हे टायर वर्षभर चालतात आणि साखळ्या डिक्कीत पडून राहतात.

खूण कोणती ते नीट बघा, फसगत इथेच होते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र हवं. ते बर्फावर चाचणी झाल्यावरच मिळतं. 'एम प्लस एस' ही अक्षरं मात्र कंपनी नक्षी बघून स्वतःच छापू शकते, त्यासाठी चाचणी लागत नाही. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी नुसतं 'एम प्लस एस' मानणं बंद केलं आहे. बीएफगुडरिच केओ२ सारख्या काही ऑल-टेरेन टायरवर डोंगराची खूण असते. तरी नावावर जाऊ नका, प्रत्यक्ष दुकानातल्या टायरवर बोट ठेवून बघा.

त्याच टायरवर आणखी तीन गोष्टी वाचा. पहिली भाराचा आकडा. फॉर्च्युनरच्या २६५/६० आर १८ मापापुढे ११० असतं, म्हणजे एका टायरला १०६० किलो. नवा टायर याच्याखाली नको. दुसरी तारीख: चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ४२२३ म्हणजे २०२३ चा बेचाळिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक दिसली तरी बर्फात नेऊ नका, रबर कडक झालेलं असतं. तिसरी नक्षीची खोली. कायद्याला १.६ मिमी चालते, बर्फाला किमान ४ मिमी लागते. खोली मोजायचं साधं माप स्वस्तात मिळतं. टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा, कारण अलाइनमेंट बिघडलेली असेल तर आतली कड आधी संपते आणि बाहेरून दिसत नाही. स्टेपनीही याच कसोटीवर तपासा.

हवेबद्दल बरेच गैरसमज आहेत. इंदूरमध्ये २५ अंशांना थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरलीत आणि गाडी लाहौलमधल्या सिस्सूला, सुमारे ३१०० मीटर उंचीवर, उणे १० मध्ये रात्रभर उभी राहिली, तर थंडीने दाब साधारण साडेपाच पीएसआयने घटतो. पण बाहेरची हवा विरळ असल्यामुळे मापकावर पावणेचारच्या आसपास वाढही दिसते. सकाळी मापक ३१ दाखवतो. नायट्रोजन भरला तरी हिशेब हाच. म्हणून दर सकाळी गाडी हलवण्याआधी दाब बघा आणि दरवाज्याच्या चौकटीवरच्या तक्त्याशी जुळवा. चालून तापलेल्या टायरची हवा कमी करू नका. "बर्फात हवा २० वर आणा" हा सल्ला खोल भुसभुशीत बर्फात अडकल्यावर बाहेर पडण्यापुरता आहे. दोन टनांची गाडी तशी घाटात चालवली तर टायर रिमवरून निसटू शकतो.

साखळ्यांवर मात्र वेळ खर्च करा, कारण ओल्या गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर विंटर टायरही फारसे धरत नाहीत. मनालीत साखळ्या भाड्याने मिळतात, पण माप जेमतेम जुळवलेलं असतं आणि सैल साखळी ब्रेकच्या नळीवर आपटते. टायरच्या बाजूवरचं पूर्ण माप सांगून घ्या. जड गाडीला लोखंडी, चौकटीच्या नक्षीची साखळी घ्या. शिडीसारखी नको, ती बाजूला घसरताना कमी धरते. प्लास्टिकचे पट्टे या वजनाखाली तुटतात. टायर आणि सस्पेन्शनमध्ये आतून किती जागा आहे ते गाडीखाली वाकून बघा, एबीएसची वायर कुठून जाते तेही. एकच जोडी असेल तर ती कोणत्या चाकांना हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. फॉर्च्युनरसारख्या मूळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागे लावतात. पण मग स्टिअरिंगची चाकं उघडी राहतात, म्हणून लांब उतार असेल तर दोन जोड्या न्या.

बसवण्याची तालीम इंदूरमध्येच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून करा. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. आतली दोरी चाकामागून सरकवून वर आणा आणि वरच्या बाजूला आकडा अडकवा. दुव्यांची गुळगुळीत बाजू टायरकडे, आकड्यांची टोकं बाहेर. बाहेरची बाजू जोडा, चाक अर्धा फेरा पुढे घ्या, उरलेला सैलपणा ताणून घ्या आणि टोक बांधून टाका. लटकणारं टोक चाकाच्या कमानीचं प्लास्टिक फोडतं. बर्फात शंभर मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणा. ही दुसरी ताणणी लोक टाळतात, आणि साखळी निघते ती याचमुळे. वेग ३०-४० च्या वर नको. अटल बोगद्याच्या ९ किलोमीटरमध्ये बर्फ नसतो, कोरड्या रस्त्यावर साखळी टायरही खाते आणि स्वतःही तुटते. आत शिरण्याआधी सुरक्षित जागी थांबून काढा.

बर्फ सुरू होण्याआधीच ४एच (फोर-बाय-फोरचा नेहमीच्या वेगाचा टप्पा) लावा, चाकं जागच्या जागी फिरू लागल्यावर नाही. लिव्हर किंवा बटणाने लागणारं फोर-बाय-फोर कोरड्या डांबरावर मात्र लावून ठेवू नका, वळताना ट्रान्समिशन आवळतं. तीव्र उतारावर ४एल (कमी वेगाचा, जास्त जोराचा टप्पा) आणि पहिला-दुसरा गिअर, म्हणजे ब्रेकवर कमी पाय पडतो. मोकळ्या सपाट जागी २० च्या वेगात एकदा ब्रेक दाबून त्या दिवसाची पकड किती आहे ते जाणून घ्या. रात्री गोठलेलं पाणी सावलीच्या वळणांवर उशिरापर्यंत तसंच असतं, तेव्हा निघायची घाई नको. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

परत आल्यावर साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवा. टायर बदलले असतील तर ५० ते १०० किलोमीटरांनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. आणि ज्यांनी खरे विंटर टायर घेतले असतील त्यांनी ते रंगपंचमीची गेर (मिरवणूक) निघायच्या आत उतरवावेत, रिमसकट असतील तर आडवे रचावेत, नुसते असतील तर उभे ठेवावेत, आणि गच्चीवरच्या उन्हात न टाकता अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवावेत.